बारा ट्यूलिप

नळाच्या पाण्यासारखी माया घरोघर पोचवावी, ही बुखारेस्टच्या फुलविक्री कंपनीतल्या कॉस्तिनची योजना होती. आठ मार्चला, आयांच्या दिवशी, यंत्राने प्रत्येक आईच्या खरेदीवरून तिचे दुखणेखुपणे हेरले आणि चाळीस हजार जणींना मुलाच्या शब्दांत चाळीस हजार निराळी पत्रे लिहिली, सोबत फुलांचा गुच्छ. यादीत कॉस्तिनने स्वतःच्या आईचेही नाव घातले. तिला संशय आला नाही, तर साहेब त्याला बढती देणार होते.

संध्याकाळी तिचा फोन आला.

"पोरा, फुलं मिळाली. पण ते पत्र काही तू लिहिलेलं नाहीस."

कॉस्तिनने गुच्छाची नोंद उघडली आणि कपाळाला हात लावला. ट्यूलिपची फुले बारा होती. त्यांच्याकडे सम संख्येची फुले फक्त मेलेल्यांना वाहतात, हे यंत्राला कोणी शिकवलेच नव्हते.

"बारा फुलांवरून ओळखलंस ना, आई?"

"छे रे. जित्या आईला बारा फुलं आली, तेव्हा खात्रीच पटली, हा आमचाच धांदरट."

 

ती पुढे म्हणाली, "मग पत्रात माझ्या गुडघ्याची चौकशी दिसली."