भाताच्या काडीतला आवाज

प्रयोगशाळेतल्या पिंजऱ्यात भाताच्या रोपांवर तुडतुडे मजेत रस पीत बसले होते. नर होते, माद्या होत्या, पण अंडी काही पडत नव्हती. ही पिढी अशीच मेली, तर कीड न लागणारं भाताचं नवं वाण तपासायचं कशावर?

“रोपं बदलली, दिवे बदलले. आता काय यांच्या लग्नपत्रिका छापू?” हेमांगी वैतागली.

कुडाळकर सरांनी काडीला गिटारचा चिमुकला माइक चिकटवला. “हे म्हणे काडी थरथरवून एकमेकांना हाका मारतात. ऐक तरी.”

हेडफोनमध्ये नुसती घरघर होती. हेमांगी चपापली. तुडतुड्यांना उकडू नये म्हणून पिंजऱ्याच्या मांडणीला तिनेच मायेने पंखा बांधला होता.

तिने तो बंद केला.

आधी काहीच नाही. मग दूर डोंगरापलीकडे कुणी ढोल वाजवावा तसं घुमलं आणि थांबलं. काडीच्या दुसऱ्या टोकाकडून संथ, खोल उत्तर आलं. तांदळाच्या दाण्याहून लहान जीव, आणि केवढा हा आवाज!

“काय गं?” सर जवळ येऊ लागले.

“तिथेच थांबा,” ती कुजबुजली. “बोलणी चालली आहेत.”

सरांनी गुपचूप पायातल्या चपला काढल्या.