दहावा चेहरा

"दोन," केरबा म्हणाला.

डॉक्टर उमैर यांनी स्क्रीनवरचा एक्स-रे पुन्हा पाहिला. खांद्याचं हाड खोबणीतून पार निखळून खाली आलं होतं. केरबा बांधकामाच्या परांचीवरून पडला त्याला तास उलटून गेला होता. माणूस घामाने निथळत होता, ओठ पांढरेफटक पडले होते, आणि हातातल्या कार्डावरच्या दहा चेहऱ्यांपैकी त्याने बोट ठेवलं होतं ते दुसऱ्यावर. म्हणजे जवळजवळ हसऱ्यावरच.

"नौकरी जाने के डर से छुपाते हैं ये लोग," डॉक्टर म्हणाले. केरबाला कतारमध्ये येऊन तीन महिनेही झाले नव्हते, हिंदी जेमतेम कळायची. डॉक्टर मोनालीकडे वळले. "आप मराठी हैं ना? ज़रा अपनी ज़बान में पूछिए."

मोनालीला आयतंच फावलं. ती औषध कंपनीची प्रतिनिधी होती आणि ते कार्ड तिनेच आणलेलं होतं. एक ते दहा चेहरे, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत. रुग्णाने पाचाच्या पुढे बोट ठेवलं की कंपनीची वेदनाशामक गोळी लिहायची. गोळी अफूच्या कुळातली. पण 'अफू' हा शब्द चुकूनही तोंडातून काढायचा नाही, 'सवय लागण्याचा धोका नगण्य' असं हसतमुखाने म्हणायचं, हे कंपनीने तिच्याकडून चांगलं घोटून घेतलं होतं. डॉक्टर आज पहिल्यांदाच कार्ड वापरून बघत होते. पटलं, तर अल रय्यानमधल्या त्यांच्या तिन्ही दवाखान्यांत ते लागणार. नाही पटलं, तर महिनाअखेर मोनालीची नोकरी खलास. नवऱ्याची, सचिनची, आधीच गेली होती. घरातल्या तिघांचा व्हिसा आता तिच्या एकटीच्या नोकरीवर उभा होता.

ती स्टूल ओढून केरबाजवळ बसली.

"कुठले तुम्ही, दादा?"

"शिराळ्याचा."

"अगं बाई! मी इस्लामपूरची!"

एवढ्या यातनेतही केरबाचा चेहरा खुलला. मोनालीने लगेच आवाज खाली आणला. "मग आपल्या माणसाशी कसली लपवाछपवी? कुणी काढत नाही कामावरून. आठ म्हणा. निदान सात तरी." मायबोली अशी कामाला लावताना तिला ओशाळल्यासारखं झालं. पण जरासंच.

"न्हाई ताई. दोनच. दहा म्या बघितल्यात."

"कधी?"

"पाच वर्सं झाली. आमच्या मंडळीनं, लक्ष्मीबाईनं, मला खोलीत घातलं आन् भायेरनं कडी लावली. अकरा दिवस. हाडं कुनीतरी आतनं पिळतंय असं व्हायचं. म्या भित्तीवर डोकं आपटलं. तिला नगं नगं त्या शिव्या दिल्या, दाराला नाक घासून पाया पडलो. कडी निघाली न्हाई. खिडकीतनं पेज द्यायची, ती म्या तिच्याच अंगावर फेकायचो. तोंड पुसून पुन्यांदा आनायची. अकरा दिवस उंबरा सोडला न्हाई लक्ष्मीबाईनं." त्याने दम घेतला. "तवापासनं काय दुखलं तर दोनाच्या म्होरं बोट जात न्हाई."

वेदनेवरची किती भाषणं मोनालीने मोठमोठ्या हॉटेलांत ऐकली होती, किती आलेख तोंडपाठ केले होते. पण माणूस एवढं सोसतो आणि दुसरं माणूस दाराबाहेर बसून तेवढंच सोसतं, हे तिला आज पहिल्यांदा दिसत होतं. ती थक्क झाली होती. त्यात खोटं काही नव्हतं.

म्हणूनच तिने ते हिंदीत सांगितलं तेव्हा आवाज आपोआप कापरा झाला. आणि शेवटी, सवयीने, ती बोलून गेली, "यानी इनका दो हमारा आठ है, डॉक्टर."

"सुभानअल्लाह," डॉक्टर पुटपुटले. केरबाकडे ते देवमाणसाकडे बघावं तसे बघत राहिले. "आठ लिख देता हूँ. कार्ड काम की चीज़ है. तीनों जगह लगा देंगे."

झालं. जिंकली ती. आता निव्वळ आदरापोटी तिने केरबाला विचारलं, "दादा, तेव्हा आजार कसला झाला होता तुम्हाला?"

केरबाने दुसऱ्या, धड हाताचं बोट कार्डाच्या तळाशी नेलं. तिथे गोळीचं चित्र छापलेलं होतं.

"आजार कुटला? साकर कारखान्यात पाठ धरली हुती, तवा डॉक्टरनं हीच गोळी दिली. त्याच्याकडंबी हेच कार्ड हुतं, हीच तोंडं. सवय लागत न्हाई म्हनला. दोन वर्सं खाल्ली. ती सोडली, ते अकरा दिवस."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. गावची वाट सांगावी तसं त्याने सांगितलं.

"क्या कहा इसने?" डॉक्टरांनी विचारलं. पेन कागदाला टेकलं होतं.

मोनालीच्या जिभेवर वाक्य तयार होतं. कुछ नहीं, शुक्रिया बोल रहे हैं. एवढं म्हटलं की संपलं. मराठी कळणारं तिथे तिसरं कुणीच नव्हतं. सचिन, मुलगा, ती स्वतः, तिघांचाही व्हिसा शाबूत. पण दाराबाहेर बसलेली ती बाई तिच्या डोळ्यांपुढून काही केल्या हलेना. तिच्याएवढा धीर आपल्यात नाही, हे मोनालीला कळत होतं. एका वाक्यापुरता असेल, एवढंच तिला वाटलं.

"दो ही लिखिए, डॉक्टर," ती म्हणाली. "दस इस गोली का है."