मैलभर

कॉलेजच्या कोचच्या नजरेत भरावं म्हणून ब्रेना दर रविवारी आपल्या धावण्याचा व्हिडिओ पाठवायची. मक्याच्या शेतांमधला पहाटेचा रस्ता, ती, आणि शेजारून मोबाइल धरून तिची आई, गोठ्यातले गमबूट घालून. अकराव्या व्हिडिओनंतर उत्तर आलं, ‘छान पळतेस. पण शूटिंग कोण करतं? मैलभर तुझ्या बरोबरीनं आहे, आणि धाप तुझ्या एकटीचीच ऐकू येते.’

ब्रेनानं ते मोठ्यानं वाचलं. “आई, तू पळायचीस?”

“पळायचे की.” आई अंडी फेटतच राहिली. “बघायला कुणी आलं नाही, एवढंच.”

पुढच्या रविवारी ब्रेनानं मोबाइल स्वतःच्या हातात घेतला. “आज तू पळ गं.”

त्या व्हिडिओत मिनिटभर आईची पाठ दिसते. मग नुसतं धुकं, आणि ब्रेनाची धाप.