गांडुळांची साक्ष

बाबांनी डबा तिच्या टेबलावर आपटला. "उघड तूच. माझ्या बोटांचं हल्ली झाकणाशी जमत नाही. वय झालं."

तिने झाकण काढलं. आत ओल्या मातीत जाडजूड गांडुळं वळवळत होती. माती तपासणं हे तिचं रोजचं काम, पण ही माती बाबांच्या बंद पडलेल्या कारखान्यातली होती. तिथे जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवत. बाबांनी तीस वर्षं ती भट्टी सांभाळली. आता त्या जागेवर बालवाडी निघणार होती, आणि 'इथली माती निर्धोक आहे' या कागदावर मालकाला सगळ्यात जुन्या कामगाराची सही हवी होती.

"बाबा, माझ्या तपासणीत ती माती नापास झालीय."

"तुझं यंत्र चुकलं असेल. माझे दोन साक्षीदार आहेत, ही गांडुळं आणि मी. विषात गांडूळ जगतं का? आणि मी तीस वर्षं तिथली धूळ खाल्ली, आहे की नाही ठणठणीत? हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

खाण तशी माती. लेकही हट्टीच निघाली होती. "तीन दिवस द्या," ती म्हणाली. "तोवर सही करायची नाही."

तिने गांडुळं धुऊन ओल्या कागदावर ठेवली. त्यांच्या पोटातली माती पूर्ण पडून जायला हवी होती, नाहीतर बाबा म्हणाले असते, शिसं पोटातल्या मातीत होतं, गांडुळांच्या अंगात नाही. दोन दिवसांत चारदा कागद बदलला. एकही गांडूळ मेलं नाही. तिला त्यांचा रागच आला. मग मन घट्ट करून तिने ती तपासणीला घेतली.

बाबा आले ते खिशात पेन लावूनच.

"पोटं रिकामी होती, बाबा. तरी त्यांच्या अंगात शिसं निघालं. भरपूर."

"पण जगत होती ना?"

"हो. अंगात साठवून जगत होती."

बाबांनी रिकामा डबा बाजूला सारला. मग त्यांनी बिनसहीचा कागद तिच्यापुढे सरकवला आणि उजवा हात टेबलावर ठेवला. त्या बाहीचं बटण गेले सहा महिने आई लावून देत होती.

"काढ ते बटण," ते म्हणाले. "एक साक्षीदार तपासलास. आता दुसरा तपास."