अर्ध्या इंचाचा पाना

अर्ध्या इंचाचा पाना पुन्हा जागेवर नव्हता.

गॅरेजच्या भिंतीवर हत्यारांचा फळा होता. प्रत्येक हत्याराच्या मागे पुरुषोत्तमरावांनी त्याच्याच आकाराचा लाल रंग दिला होता, म्हणजे हत्यार काढलं की लाल दिसायचं. ब्रिस्टलच्या विमान-इंजिनांच्या कारखान्यात एकतीस वर्षं काढलेला माणूस रिटायर होताना पेन्शन आणतो आणि अशा खोडीही घेऊन येतो. नियम साधा होता. हत्यारं मोजल्याशिवाय इंजिन हलत नाही. एक जरी कमी भरलं तर ते इंजिनाच्या पोटात राहिलं असं धरायचं आणि सगळं पुन्हा उघडायचं.

"तिसऱ्यांदा?" रघुवीर क्रेनच्या साखळीला टेकून म्हणाला. तो त्याच कारखान्यातला, पण नियम तिथेच ठेवून रिटायर झालेला. "अरे पुरू, ही फोर्ड पॉप्युलर आहे, काँकॉर्ड नाही. माझा स्पॅनर घे आणि स्टार्ट कर ना."

"इंजिन काढायचं," पुरुषोत्तमराव म्हणाले.

गाडी पन्नासच्या दशकातली, छप्पर कापून बुटकी केलेली. आधीच्या मालकाने तिच्यात कुठल्यातरी नव्या गाडीचं इंजिन कोंबलं होतं. ते काढून तिच्या काळाला शोभेल असं, एकोणपन्नास सालचं जुनं व्ही-एट बसवायचं, असं पुरुषोत्तमरावांनी ठरवलं तेव्हा त्यांच्या किडन्या धड होत्या. आता आठवड्यातून तीनदा, चार-चार तास, हॉस्पिटलातलं मशीन त्यांचं रक्त धुत होतं. गेल्या उन्हाळ्यात त्यांनी जेवता जेवता सांगून टाकलं होतं, "इंजिन बसेपर्यंत सुया टोचून घेईन. गाडीतून एक चक्कर मारली की डायलिसिस बंद."

बंद म्हणजे काय, ते लीड्सहून आश्लेषाने फोनवर समजावलं. मुलगी स्वतः डॉक्टर. "आई, वन वीक, मेबी टू. पण इट्स हिज डिसिजन. आपण बाबांना फोर्स नाही करू शकत." एवढं बोलून तीही रडली.

वैजयंतीबाईंनी फोर्स केला नाही. त्यांनी पाना लपवला.

पहिल्यांदा ऑक्टोबरात, भाजणीच्या डब्यात. पुरुषोत्तमरावांना डाळी वर्ज्य झाल्यापासून तो डबा घरात कुणी उघडत नव्हतं. बसवलेलं इंजिन बाहेर आलं, नटबोल्ट सुटे झाले आणि मग पाना लॉनमोअरच्या मागे 'सापडला'. दुसऱ्यांदा डिसेंबरात. तेव्हा तो बाकाखाली मिळाला. दोन्ही वेळा पुरुषोत्तमरावांनी तो पुसला, सवयीप्रमाणे नाकाशी नेला आणि फळ्यावर टांगला. आजारी माणसाला इंजिन उघडून परत बसवायला दीड महिना लागतो. असा एकेक दीड महिना वैजयंतीबाई चोरत होत्या, आणि चोरी पचली की देवापुढे उभं राहायची त्यांना लाज वाटत होती.

काल, शुक्रवारी, हॉस्पिटलातून परतल्यावर त्यांनी छोटी गाडी दारात थांबवली, तरी शेजारच्या सीटवरचे पुरुषोत्तमराव पट्टा काढेनात. फेब्रुवारीचा चिकट पाऊस काचेवर पडत होता.

"वैजू, थकलो गं," इतकंच ते म्हणाले.

तेवढ्या शब्दांनी वैजयंतीबाईंचा धीर सुटला. आपल्याला एकटं राहायची भीती वाटते म्हणून आपण या माणसाला सुयांवर टांगून ठेवलंय, हे त्यांना लख्ख दिसलं. आज सकाळी त्या गॅरेजमध्ये गेल्या आणि त्यांनी फळा स्वतः पुसला. अर्ध्या इंचाचा पाना दोनदा पुसला आणि जागेवर लावला. कुठेही लाल दिसत नव्हतं. मग आत येऊन त्या न्हाणीघराचं दार लावून बसल्या.

दुपारी त्या गॅरेजच्या दारात उभ्या राहिल्या, हातात नवऱ्याला परवानगी असलेला अर्धा कप चहा. इंजिन सुरू होण्याची वाट बघत होत्या. आणि फळ्यावर लाल दिसलं.

"अहो, नीट बघा." हे त्या आधीही दोनदा बोलल्या होत्या. आज पहिल्यांदा मनापासून बोलल्या. "सकाळी होता तो. मी माझ्या हाताने लावलाय."

"आता नाही ना? मग इंजिन काढायचं."

"तुझं डोकं तपासून घे," रघुवीर वैतागून म्हणाला आणि त्याने जाकीट चढवलं. "नेक्स्ट सॅटर्डे येतो. आज माझी कंबर गेली."

तो गेल्यावर वैजयंतीबाईंनी बाकाखाली पाहिलं, लॉनमोअरच्या मागे पाहिलं. गुडघे टेकून गाडीखालीही पाहिलं. पाना नव्हता. खरंच इंजिनाच्या पोटात राहिला असेल, असं त्यांना वाटलं. इतके दिवस आपण खोटं वागलो, ते आता खरं होऊन अंगावर आलं.

संध्याकाळच्या भाताला त्या स्वयंपाकघरात आल्या. ओट्यावर भाजणीचा डबा पुढे ओढलेला होता. त्यांनी झाकण काढलं. धण्याजिऱ्याचा वास आला. दोनदा पुरुषोत्तमरावांच्या नाकाशी गेलेला वास. भाजणीत फडक्याची एक गुंडाळी खोचलेली होती. फडकं गॅरेजमधलं, आत अर्ध्या इंचाचा पाना.

मागे सिंकपाशी पुरुषोत्तमराव हात धूत होते. नळ बंद करून ते म्हणाले, "आज तू तो पुसून जागेवर लावलास, ते मला बघवेना. सोमवारची हॉस्पिटलची बॅग भरून ठेव."