खाली दगड, वर पीळ

"बूड हललं तरच पाठ वाचते," नवी कोच म्हणाली, आणि बोटींच्या शेडमध्ये जमलेली पोरं फिदीफिदी हसली.

कोपऱ्यातल्या बाकावर बसलेले म्हातारे सर मात्र हसले नाहीत. तीस वर्षं त्यांनी याच शेडमध्ये नेमकं उलटं शिकवलं होतं. बूड हलता कामा नये. खाली दगड, वर पीळ! पोरांनी त्यांचं नावच दगडसर पाडलं होतं, आणि सरांना त्याचा कोण अभिमान!

कोचने एका मुलीला जमिनीवरच्या कयाकमध्ये बसवलं आणि तिच्या हातात वल्हं दिलं. "डावीकडे वल्हं मारताना डावा पाय पुढे रेट. गुडघा सरळ होऊ दे, डावा खुबा मागे सरकू दे. हां! आता बघ, पाठ आपोआप त्याच्याबरोबर गेली की नाही?"

सरांना राहवलं नाही. "अहो बाई, खालून हललं की जोर वाया जातो. पाया पक्का हवा."

"नाही हो, सर. खुबा अडकवून ठेवला तर सगळा पीळ कमरेच्या मणक्यांवर येतो. रोज पिळून पिळून चादरसुद्धा विरते, हे तर हाडामांसाचं आहे." बोलता बोलता तिची नजर खिडकीकडे गेली, आणि तिने जीभ चावली.

खिडकीपाशी सरांची मुलगी उभी होती, लहानपणापासून त्यांच्याच हाताखाली वल्हं मारायला शिकलेली. कमरेला पट्टा बांधून, कुणाला कुठलं लाइफ जॅकेट दिलं ते वहीत लिहीत. दोन ऑपरेशनं झाली तरी तिला दहा मिनिटांच्या वर बसवत नव्हतं. अवघं चौतिसावं वर्ष! मणके मुळातच नाजूक असतील, असं एक डॉक्टर कधीतरी म्हणाले होते. त्या एका वाक्यावर सरांनी आजवर दिवस काढले होते.

पोरं बोटी उचलून धक्क्याकडे गेली. सर उठले आणि खिडकीपाशी आले.

"ऐकलंस ना, ती काय म्हणाली?"

"काल आलेली पोरगी आहे, बाबा. तुम्ही नका मनाला लावून घेऊ."

"मी तरी काय म्हणतोय?" सर घाईघाईने म्हणाले. "माझ्या हाताखालून दोन-तीनशे पोरं गेली. मी चुकीचं शिकवलं असतं, तर सगळ्यांच्या पाठी कामातून गेल्या असत्या. गेली का एकाची तरी? तुझ्याशिवाय?"

ती वहीत पुढचं नाव लिहू लागली.

"सांग ना गं. माझ्यामुळे झालं का हे? खरं ते सांग."

त्यांचा आवाज इतका केविलवाणा झाला, की तिने पेन खाली ठेवलं आणि त्यांचा हात हातात घेतला.

"बाबा, तुमची पाठ वळली की बाकीची सगळी पोरं खुशाल बूड हलवायची," ती हळूच म्हणाली. "तुमचं ऐकणारी मी एकटीच."