नळाचं, जारचं

दात घासायला जारचं.

भांड्यांना नळाचं.

तांदूळ धुवायला नळाचं, शिजवायला जारचं.

चहा नळाच्या पाण्याचा नाही. उकळलं तरी नाही.

आईच्या गोळ्या: जारचं, कोमट.

आई महिन्याभरासाठी लेकीकडे या परक्या देशात आली, त्याच दिवशी लेकीने हा कागद फ्रिजवर चिकटवला. आईने तो दोनदा वाचला आणि म्हणाली, "सोवळंओवळं परवडलं बाई!"

मंगळवारी जारवाला आला. वीस लिटरचा भरलेला जार खांद्यावरून ओट्यावर उतरवला, रिकामा काखेत घेतला. शर्ट पाठीला चिकटला होता.

हॉलमधून आईचा आवाज आला, "अगं, पाणी विचार त्याला आधी."

आता नव्या जारचं सील फोडा, पंप बसवा. तो घाईत असणार. शिवाय इथलाच माणूस. यांना चालतं हे पाणी.

तिने ग्लास नळाखाली धरला.

त्याने ग्लास हातात घेतला, नळाकडे पाहिलं. मग त्याच्या भाषेत, तिला कळावं म्हणून सावकाश, म्हणाला, "मॅडम, हे आम्हीही पीत नाही. आमच्या घरीही जारच असतो."

रागावला नव्हता. चूक त्याचीच असावी तसा हसला. थेंब न सांडता त्याने ग्लास ओट्यावर ठेवला.

"एक मिनिट, हा..." तिने जारचं सील नखाने खरवडलं. ते निघेना. त्याच्या भाषेतले पुढचे शब्दही आठवेनात. तो केव्हाच दाराबाहेर पडला होता.

"घेतलं का गं त्याने पाणी?" आईने विचारलं.

"घेतलं."

"बरं केलंस. इतक्या लांब येऊन रीत विसरली नाहीस. मावशीला सांगते आज. तिला वाटतं, परदेशात गेल्या की पोरी कोरड्या होतात."

तिने ओट्यावरचा ग्लास उचलला. ओठांपर्यंत नेला. तिथेच धरून ठेवला.

मग सिंकमध्ये ओतला. आवाज होऊ नये म्हणून हळूहळू, कडेकडेने.

घर सहाव्या मजल्यावर होतं आणि लिफ्ट सोमवारपासून बंद होती.